सांगाव्याचं टाकं

थांबा पाहुणे, घोट घेऊ नका. या टाक्याचं पाणी असं गुपचूप प्यायचं नसतं. आपल्या गावाकडची एक खबर आधी बोलायची, बरी असो की वाईट, मग ओंजळ भरायची. हसताय काय? सांगाव्याचं टाकं म्हणतात याला, ते उगाच नाही.

फार मागं इथं ठकूबाई धनगरीण राहायची म्हणे. तिचा नवरा बिराजी घोंगड्या विकायला याच घाटानं कोकणात उतरला, तो आलाच नाही. त्याची खबर कळल्याशिवाय खिंड सोडायची नाही, असं तिनं बिरोबाला बोलून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायची आणि विचारायची. माणसं पाणी प्यायची, मान हलवायची, निघून जायची.

भाऊ दोनदा न्यायला आला. दुसरा नवरा बघून तुझा पाट लावून देतो म्हणाला. ती हलली नाही. न जाणो, आपण खाली उतरायचो आणि बिराजी वर यायचा.

पुढं कोकणातून गोंदाजी मीठवाला बैल घेऊन आला. बिराजी तापानं त्याच्याच पडवीत गेला होता, मूठमातीही त्यानंच दिली होती. पण जिच्या हातचं पाणी प्यालो तिच्यापुढं अशुभ बोलू नये, ही तेव्हाची रीत. आग लागो त्या रीतीला! ठकूबाईनं विचारलं, तर "ठाऊक नाही, बाय," म्हणाला आणि बैल हाकले. नंतर तो दुसऱ्याच घाटानं जायला लागला.

म्हातारपणी मात्र त्याला राहवेना. चढून आला. तिनं त्याला ओळखलं नाही. पाणी पुढं केलं आणि तेच विचारलं. त्यानं घोट न घेता सगळं सांगून टाकलं.

ठकूबाई रडली नाही म्हणे. "तेव्हाच सांगायचंस की रे," म्हणाली. "रडून मोकळी झाले असते. घरी गेले असते."

तरी गेली बिचारी माहेरी. भाऊ कधीच वारला होता. त्याच्या सुनेनं दारातच विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या? आल्या पावली परत खिंडीत आली. तेव्हापासून तिनं आधी खबर ऐकली, मगच पाणी दिलं. मरेपर्यंत.

आजही वाटसरू तसंच करतो. पण गाडीरस्ता झाल्यापासून पायी येतंय कोण! मग आमच्या वाडीतलंच कुणीतरी दिवस मावळायच्या आत वर चढतं, आणि पाण्याकडं बघून सांगतं, "आज कुणी आलं नाही गं, बाय."