दारासमोरची वर्गणी

एका गावात एक भोळा कासार होता, नाव धुळाप्पा. बांगड्या भरताना बाईच्या हाताला ओरखडा उठू द्यायचा नाही. देवानं दिलेली सगळी अक्कल बोटांत उतरली होती, वर काही उरलीच नव्हती. त्याची बायको शेवंता अर्ध्या कोसावरच्या आडाचं पाणी आणायची. कंबर धरून म्हणायची, "दारात एक नळ आला की देव पावला!"

गावात नवी नगरपालिका झाली. तिचा नियम सरळ होता. काम ज्याच्या दारासमोर, वर्गणी त्याच्याकडून, घराच्या रुंदीप्रमाणे.

आधी फरसबंदी आली. कारकून लिंगे फीत घेऊन उभा राहिला.

"तुमचं घर कुठवर?"

धुळाप्पा छाती काढून म्हणाला, "पार त्या पिंपळापर्यंत!"

मध्ये शेजाऱ्याचा गोठा होता. त्याचीही वर्गणी धुळाप्पाला बसली. शेवंतानं कपाळाला हात लावला. "अहो, मोजणारा आला की कमी सांगावं!"

"बरं. कमी सांगतो."

मग दिवे आले. लिंगेनं विचारलं, "खांब दारापासून किती लांब रोवायचा?"

"कमी! अगदी कमी!"

खांब उंबऱ्याला टेकला. धुळाप्पा अंग चोरून घरात शिरू लागला. घागर खिडकीतून आत घ्यावी लागली.

शेवंता म्हणाली, "अहो, असं काही आलं की म्हणावं, आमच्या दारात नको, शेजारच्या दारात काढा!"

"बरं. शेजारच्या दारात."

मग गटार आलं. "तुमच्या मोरीचं पाणी कुठं सोडायचं?"

"आमच्या दारात नको, शेजारच्या दारात काढा!"

शेजारी होता सिद्राम पैलवान. त्यानं धुळाप्पाला त्याच पाण्यात दोनदा बुचकळून काढलं. शेवंता हळद लावत म्हणाली, "अहो, हात जोडून म्हणावं, आमच्या पाण्याचं आमचं आम्ही बघू, कुणाला त्रास नको."

"बरं. कुणाला त्रास नको."

आणि एके दिवशी नळ आला. शेवंता नेमकी आडावर गेली होती.

"धुळाप्पा, तोटी कुठं बसवायची?"

धुळाप्पानं हात जोडले. "आमच्या पाण्याचं आमचं आम्ही बघू, कुणाला त्रास नको."

लिंगेनं नाव खोडलं. सगळ्या गल्लीला तोट्या बसल्या. पाइप मात्र धुळाप्पाच्या दारावरून गेला, म्हणून वर्गणी लागलीच.

शेवंता ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा नगरपालिकेत. काय विचारतील त्याला हो म्हणा. नुसतं हो!"

तिथं सभा चालली होती. तोट्या बसल्या होत्या, पण टाकीला जागा मिळत नव्हती. अध्यक्षांनी विचारलं, "कुणी आपलं अंगण देतंय का?"

"हो!"

"फुकट?"

"हो!"

"तुम्हाला तोटी नकोच होती ना?"

"हो!"

टाळ्या पडल्या. महिन्याभरात शेवंताच्या अंगणात टाकी उभी राहिली. लिंगे म्हणाला, "टाकीला सगळ्यात जवळ तुम्ही, म्हणून वर्गणी सगळ्यात जास्त."

शेवंतानं घागर धुळाप्पाच्या हातात आदळली. "आता पाणी तुम्हीच भरायचं!"

बिचाऱ्यानं दिवसभर आडावर खेपा घातल्या. तरी घरातला हंडा कोरडाच. शेवंता बाहेर येऊन बघते, तर धुळाप्पा घागर खांद्यावर घेऊन टाकीची शिडी चढतोय.

"अगं बाई! हे काय?"

"पाणी भरतोय. आपल्या हंड्यापेक्षा ही मोठी. आधी थोरलीचा मान!"

शेजारी सिद्राम पैलवान साबण लावून तोटीखाली बसला होता. तो ओरडला, "धुळाप्पा, धार बारीक झाली की रं! जरा भरभर आण!"

"हो!" धुळाप्पा म्हणाला.