म्हशीकडे मागितलेला पॉइंट

"मग खरी लढाई कुठली, वस्ताद? शिवून मागं यायची, का समोरचा आडवा होईपर्यंत मारायची?"

शार्दूल चौगुलेनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर वस्ताद चहात बटर बुडवत होते. त्यांनी आधी बटर खाल्लं. बटर कपात पडलं की वस्ताद दिवसभर सगळ्यांवर डाफरतात, हे तालमीत प्रत्येकाला माहीत आहे. मी कुस्तीच्या हौदातली माती उकरत होतो, पण कान तिकडंच होते.

"हे कुणी डोक्यात घातलं तुझ्या?"

"कुणी नाही. मलाच आपलं..."

"खरं सांग."

शार्दूलनं खरं सांगितलं.

हा शार्दूल लहानपणी आमच्याच तालमीत होता. मातीनं अंगाला खाज सुटते म्हणून कराटेत गेला. तिथं त्याला पॉइंटच्या मॅचची गोडी लागली. गुद्दा किंवा लाथ नेमकी टेकवायची, झटकन मागं घ्यायची, पंचांनी झेंडा उचलला की पॉइंट. जोरात लागलं तर मारणाऱ्यालाच ताकीद. यात शार्दूलचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. मग त्यानं शाळेच्या मैदानावर क्लास काढला. पोरांची ही गर्दी.

आणि मग ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर दुसरा क्लास निघाला. फुल कॉन्टॅक्ट. तिथं खरंच मारतात, पडेपर्यंत. शार्दूलची पोरं एकेक करून जिना चढायला लागली. जाताना एका पोराचा बाप म्हणाला, "सर, तुमची नुसती शिवाशिवी हो."

हे शार्दूलला असं झोंबलं की तो तडक शोरूमवर गेला आणि तिथल्या सरांना आव्हान देऊन आला. मॅच रविवारी. नियम त्यांचे.

"हरलो तर क्लास संपला, वस्ताद," तो म्हणाला. "उरलेली पोरंपण जातील. मला मारायला शिकवा."

"रविवारपर्यंत?"

"हो."

वस्ताद उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस. पोट पुढं आलेलं, गुडघे कुरकुरणारे. लुंगी वर खोचून ते हौदाच्या कडेला उभे राहिले आणि पोटावर थाप मारून म्हणाले, "घाल हितं."

शार्दूल सपकन पुढं आला. मूठ पोटाला टेकवली, मागं झाला, जोरात ओरडला आणि हात वर करून उजवीकडं वळला.

वस्तादांनी खांद्यावरचा ओला टॉवेल त्याच्या पाठीवर सणसणीत हाणला.

"हे काय, वस्ताद? पॉइंट झाला होता माझा."

"कुणी दिला?"

शार्दूलनं उजवीकडं नीट बघितलं. दारात वस्तादांची म्हैस बांधलेली होती. ती रवंथ करत होती.

"ती देत न्हाई बघ," वस्ताद म्हणाले. "लई कडक हाय."

मी हसलो. शार्दूलनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा माती उकरायला लागलो.

"आता दुसऱ्यांदा घाल. जोर लावून."

या वेळी मूठ अशी आली की मी डोळेच मिटले. उघडले तर वस्ताद जागच्या जागी. मूठ त्यांच्या बनियनला लागून थांबलेली. बनियनला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

"मारलंस व्हय रं?"

"मारायचंच होतं. पण हात थांबतो... आपोआप."

"त्याला कुणी सांगितलं थांबायला?"

"मीच. इतकी वर्षं दुसरं काय शिकवलंय त्याला?"

"मग बोलत का बसलास त्याच्याशी? आणखी एकदा घाल."

आणि मग वस्तादांनी तोंड सोडलं. ते काय काय बोलले ते सगळं इथं सांगता येणार नाही. शार्दूलच्या मिशीवर बोलले, त्याच्या चालण्यावर बोलले, कराटेच्या पांढऱ्या इस्त्रीच्या ड्रेसवर बोलले.

"बंद कर तो क्लास," शेवटी वस्ताद म्हणाले. "शिवाशिवी काय, पोरं गल्लीत फुकट खेळत्यात."

शार्दूलचे कान लाल झाले. आणि त्यानं मारलं. खरोखर मारलं.

वस्ताद धपकन हौदात बसले आणि तसेच मागं कलंडले. माझ्या हातातलं खोरं पडलं. म्हशीनंही रवंथ थांबवली.

शार्दूलनं हौदात उडी घेतली. पांढऱ्या ड्रेससकट गुडघ्यांवर बसला, एक हात वस्तादांच्या मानेखाली घातला आणि दुसऱ्या हातानं त्यांचं पोट चोळायला लागला.

"लागलं का, वस्ताद? लागलं का हो? हळू श्वास घ्या... पाणी आणू का? अरे, पाणी आण की रे कुणीतरी."

वस्तादांनी आडव्यानंच त्याच्या कानाखाली जाळ काढला. शार्दूल बाजूला लवंडला.

"मॅच चालू हाय अजून," वस्ताद म्हणाले.

शार्दूल उठलाच नाही. मातीतच बसून राहिला. कान चोळता चोळता त्याचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आधी हसू आलं होतं.

"मला नाही जमणार, वस्ताद," तो म्हणाला. "समोरचा कळवळला की माझं अवसानच जातं. तो शोरूमवाला मला फोडून काढणार. आणि सोमवारी मैदानावर मी एकटाच उभा असणार."

वस्ताद कण्हत उठून बसले. दोघंही मातीनं माखलेले, समोरासमोर.

"त्या शोरूमवर माणूस पडला की काय करत्यात रं?"

"आकडे मोजतात. दहापर्यंत."

"कशापायी?"

"उठतोय का ते बघायला."

"आन् मारणारा?"

"तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो."

"इचारत न्हाई? लागलं का म्हणून?"

"मॅचमध्ये असं कोण विचारतं, वस्ताद?"

वस्ताद पोट चोळत बसले. मग मला म्हणाले, "च्या गरम कर परत." मी चहा ठेवला.

शार्दूलनं बाहीनं नाक पुसलं.

"मग रविवारी मी काय करू?"

"रविवारी जा, आन् पोटभर मार खाऊन ये," वस्ताद म्हणाले. "सोमवारपास्नं माझा नातू तुझ्याकडं येईल शिकायला."