मिशीवरची पट्टी

“माझं चित्र त्याला चावत का नाही, मास्तर?”

हा प्रश्न मी या कानांनी ऐकलाय. पुढची गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. वाचनालयाच्या पायरीवर बसून मी सगळं डोळ्यांनी पाहिलं.

पायरीवर म्हणजे, समोरच्या सलूनमध्ये. खुर्चीत, तोंडाला साबणाचा फेस. आणि पाहिलं ते आरशातून. त्यामुळे डावं-उजवं कुठे उलट झालं असेल तर सांभाळून घ्या. बाकी शपथेवर खरं. आमचा रस्ता इतका अरुंद आहे की इकडे शिंकलं तर तिकडचा रुमाल काढतो, तेव्हा ऐकण्यात काही चूक नाही.

विचारणारा हेमंत चिवटे. आमच्याच गावचा, आता पुण्याच्या एका दैनिकात राजकीय व्यंगचित्रं काढतो. रोज, पहिल्या पानावर. त्याला दोन पुरस्कार मिळालेत आणि तो दोन्हींचा उल्लेख बोलता बोलता सहज करतो.

ज्यांना विचारलं ते इलाही मास्तर. हायस्कूलचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. वाचनालयाच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा आहे. त्यावर मास्तर गेली पस्तीस वर्षं रोज सकाळी खडूनं एक चित्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसतात. हेमंत खडू धरायला शिकला तो याच फळ्यापाशी.

मतदानाला तीन दिवस होते. दुपारचे दोन वाजलेले.

हेमंत पुण्याहून गाडी हाकत आला होता आणि बसायला तयार नव्हता. पायरी चढायचा, उतरायचा, मोबाईल बघायचा, परत चढायचा.

“चावत नाही म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

हेमंतनं खिशातून एक वस्तू काढून त्यांच्या हातात दिली. पुठ्ठ्याची काळी मिशी. मागे रबर.

त्याचं असं झालं होतं. आमच्या मतदारसंघातून दाजीसाहेब उभे होते, चौथ्यांदा. हेमंतनं वर्षभर त्यांना झोडपलं. एवढी मोठी मिशी काढायचा की तिच्या एका टोकावर ठेकेदार बसलेले असत आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचे टँकर टांगलेले. लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त हसले दाजीसाहेब. चार मूळ चित्रं मागवून त्यांनी बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावली.

निवडणूक लागली आणि त्यांच्या माणसांनी ती मिशी उचलली. झेंड्यावर मिशी, रिक्षाच्या टपावर मिशी. पुठ्ठ्याच्या चाळीस हजार छापल्या आणि सभेला येईल त्याला वाटल्या. म्हाताऱ्या बायकासुद्धा रबर कानामागे अडकवून फोटो काढून घ्यायला लागल्या.

“मी त्याला पाडायला निघालो होतो,” हेमंत म्हणाला, “आणि मीच निवडून आणतोय.”

मास्तरांनी मिशी उलटी करून रबराची गाठ बघितली.

“आज सात वाजता शेवटचं चित्र द्यायचंय. उद्या छापून येईल, मग प्रचार संपला. वाटेत गाडी थांबवून पाच काढली, पाचही फाडली. काहीही काढलं तरी त्याचा झेंडाच होतो.”

तेवढ्यात प्रचाराची रिक्षा आली. कर्णा असा की फळ्याच्या कडेवरचे खडू हलले. ती चौक ओलांडून जाईपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले.

“तू जवळून बघितलंयस त्यांना?” मास्तरांनी विचारलं.

“मी पुढाऱ्यांना भेटत नाही. तत्त्व आहे माझं.”

“मग चित्र?”

“फोटोवरून.”

“फोटोत मिशी केवढी आहे?”

हेमंत थांबला.

“...साधीच आहे.”

 मास्तरांनी मिशी खडूच्या डब्याशेजारी ठेवली.

आता फळ्यावर काय होतं ते सांगायला हवं. आचारसंहिता लागल्याबरोबर वाचनालयाची कमिटी घाबरली. मास्तरांना सांगितलं, राजकारण नको, मतदान जागृती करा. मास्तर बरं म्हणाले आणि रोज एक बोट काढायला लागले. शाई लावलेलं एक बोट, बाकी काही नाही. पण रोज दुसऱ्याचं. कुणाचं ते खाली लिहायचं नाही.

गावाला तो नादच लागला. कांडपवाल्या हौसाबाईचं बोट निघालं त्या दिवशी लोक नऊच्या आत तिला सांगायला गेले. पोस्टमन चव्हाणांचं बोट त्यांच्या बायकोनं रस्त्याच्या पलीकडून ओळखलं. मी स्वतः महिनाभर माझ्या बोटाची वाट बघत होतो. आलं नाही. त्यावर आत्ता बोलत नाही.

त्या दिवशीचं बोट वसंत टेलरचं होतं. नख वाकडं, टोकाला सुईचे बारीक ठिपके. ते जेवून बघायला येणार होते.

हेमंतनं फळ्याकडे बघितलं.

“महिनाभर बोटंच काढताय, मास्तर?”

“हो.”

“राज्यात काय चाललंय, आणि तुम्ही बोटं...”

मग म्हणाला, थांबा, मला काय म्हणायचंय ते दाखवतोच. बादलीतलं ओलं फडकं उचललं आणि त्यानं ते बोट पुसून टाकलं.

सलूनमध्ये मधूचा वस्तरा माझ्या गालावर थांबला. पस्तीस वर्षांत दिवसाउजेडी मास्तरांच्या चित्राला दुसऱ्या कुणाचं फडकं लागलं नव्हतं.

मास्तर बाजूला सरकले. खडूचा डबा त्यांनी त्याच्यापुढे धरला.

हेमंतनं चार मिनिटांत दाजीसाहेब उभे केले. खोटं का बोलू, हात मोठा तयारीचा. मिशी एका टोकापासून निघाली ती फळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वर वळली. दोन खडू मोडले, ते त्यानं पायाखाली जाऊ दिले. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. हसली. एकानं दाजीसाहेबांच्या नावानं घोषणाही दिली.

“ऐकलंत?” हेमंत म्हणाला. “ओळखतात, हसतात आणि मत त्यालाच देतात. माझी चूक कुठाय, ते सांगा.”

मास्तर चित्राकडे बघत होते.

“सांगा ना.”



त्यांनी सांगायच्या आत जीप आली.

निवडणुकीचं भरारी पथक. साहेब होते लेंगरे, एरवी पाटबंधारे खात्यात कारकून, महिन्यापुरते अधिकारी. बरोबर एक शिपाई आणि एक व्हिडिओवाला. व्हिडिओवाला एरवी लग्नाची शूटिंग करतो. समोरच्या पक्षाच्या कुणीतरी फोन केला होता की वाचनालयाच्या भिंतीवर मिशी आहे म्हणून.

लेंगरेसाहेबांनी कागद काढला. चाळीस हजार वाटल्या गेल्यामुळे मिशी आता प्रचारसाहित्यात मोडते, असं वरून पत्र होतं. सार्वजनिक भिंतीवर दिसली की झाकायची.

हेमंत उसळला. हे व्यंगचित्र आहे, त्याच्या विरोधात आहे, मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला, वगैरे. पुरस्कार दोन्ही आले.

“विरोधात असेल,” लेंगरेसाहेब म्हणाले. “पण मिशी आहे ना?”

“मग सगळंच पुसा.”

“तसं करता येत नाही. पत्रात फक्त मिशी आहे. चेहऱ्याबद्दल मला काही कळवलेलं नाही.”

महिनाभर त्यांनी बस थांब्यांवरची, बाकड्यांवरची, कोनशिलांवरची नावं झाकली होती, त्यामुळे हात बसलेला. शिपायानं खाकी कागदाची लांब पट्टी कापली, डिंक लावला, आणि मिशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून बसवली. सुरकुती नाही. व्हिडिओवाल्यानं सवयीनं हेमंतला म्हटलं, दादा, जरा इकडे बघा, चेहरा हसरा ठेवा.

जीप गेली.

माणसं पांगायला हवी होती. पांगली नाहीत. फळ्याकडे बघत राहिली.

मी खुर्ची फिरवली. मग गालावरच्या फेसासकट रस्ता ओलांडून गेलो.

तेवढ्यात वसंत टेलर जेवून आले. आपलं बोट बघायला आलेले. बोटाच्या जागी हे. त्यांनी चष्मा वर केला आणि माप घेताना गिऱ्हाइकाकडे बघतात तसं वरपासून खालपर्यंत चित्र बघितलं.

“ह्यो कोण?”

ते एक पाऊल आणखी जवळ गेले.

“दाजीसाब न्हवं हे. त्यांचा जबडा रुंद हाय, मी शर्ट शिवलेत त्यांचे. ह्यो तर...”

ते वळले. अरुंद जबडा, मधे किंचित वाकलेलं नाक, आणि एक भुवई अशी वर गेलेली की समोरच्याला उगाच आपण कमी शिकलोय असं वाटावं. सगळं फळ्यावर होतं आणि सगळं फळ्यासमोर उभं होतं.

“ह्यो चिवटे गुरुजींचा हेमंत की.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हेमंतचा मोबाईल वाजला. संपादकांचा असणार. वाजून वाजून बंद पडला. तो आल्यापासून पहिल्यांदाच एका जागी उभा होता.

“हे कसं झालं, मास्तर?”

“बघितलं नाही की हात ओळखीचंच काढतो. आठवीत सांगितलं होतं तुला.”

“पण वर्षभर... वर्षभर मी...”

“मिशी होती वर.”

परत रिक्षा आली.  ती गेल्यावर हेमंत अगदी हळू म्हणाला,

“साडेतीन वाजत आले. आता काय काढू?”

इलाही मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. क्षणभर वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “बाळा, मिशी झाकली तेव्हा खरा उमेदवार दिसला. आता त्याला निवडून आणायचं की पाडायचं, ते तुझं तू ठरव.”

गर्दीतून एक उसासा निघाला. हेमंत मास्तरांच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशीचं चित्र अजून कित्येकांच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात मिशी होती तेवढीच, साधी. दाजीसाहेब होते तेवढेच, साधे, रुंद जबड्याचे. पुढे एक बाई वाकून त्यांना काहीतरी सांगतेय. दाजीसाहेबांनी मान तिरकी करून, डोळे खाली करून, तिला हात जोडलेत. आणि जोडलेल्या दोन तळव्यांच्या मधे मोबाईल. अंगठा चालू. चित्राखाली एक शब्द नाही.

त्या चित्राची मूळ प्रत दाजीसाहेबांनी मागवली नाही. निवडून ते आले, थोडक्यात आले. पण त्यानंतर आमच्या तालुक्यात ते कुणालाही हात जोडायच्या आधी दोन्ही तळवे उघडून दाखवतात. हवं तर येऊन बघा.

आता कबुली द्यायला हवी.

यातली एक गोष्ट मी घातली आहे. पट्टी नव्हे, पट्टी खरी, तिचे डिंकाचे डाग अजून फळ्यावर आहेत. लेंगरेसाहेबही खरे, तळवेही खरे. मी घातलं ते खऱ्या उमेदवाराचं वाक्य. गोष्ट त्या वळणावर आली की ऐकणारे तोंडाकडे बघायला लागतात, आणि माझ्यासारख्याला मोह आवरत नाही. पाया पडणंही माझंच. चष्मा पुसणंही. मास्तर चष्मा लावत नाहीत. सत्तरी उलटली तरी बोटावरचे सुईचे ठिपके त्यांना दिसतात.

खरं घडलं ते एवढंच.

हेमंतनं विचारलं, आता काय काढू. मास्तर खाली बसून त्यानं मोडलेले खडू वेचत होते. वेचून डब्यात टाकले. डब्याशेजारची पुठ्ठ्याची मिशी उचलली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली, आणि त्याच्या हातात दिली.

“पाचला सभा आहे त्यांची, बाजार समितीत,” ते म्हणाले. “पहिल्या रांगेत बस... आणि ही लावून बस.”