एका मिनिटाच्या टोपल्या

एका बंदरावर सुगंधा नावाची मासळी विकणारी बाई राहत होती. तिची लेक वासंती सासरी, सातासमुद्रापलीकडे. वासंतीला नववा महिना लागला होता. बंदरावरच्या घरोघरचं कुणी ना कुणी तिकडेच, तिच्याच गावात कामाला होतं.

बंदरावरून परदेशी निरोप धाडायची वाट एकच, केशवशेठच्या दुकानातला कॉम्प्युटर. त्याची तार समुद्राखालून पलीकडे जायची. समुद्र कुणाच्या बापाचा नव्हता, पण तारेच्या तोंडाशी शेठ बसला होता. भाडं मिनिटावर, आणि मिनिट सोन्याच्या भावाचं! माणसं आधी तार सुरू करायची आणि मग एका बोटाने अक्षरं शोधत बसायची. घाम फुटायचा. शेवटी जायचं काय, तर "बरी आहे. तू?" आईची माया तीन शब्दांत कोंबायला लावायची, याला व्यापार म्हणतात!

एके सकाळी सुगंधा बाजाराला निघाली. बंदरावरच्या बायका सगळ्या मिळून एकच टेम्पो करायच्या. टोपल्या आधीच भरलेल्या, जिच्या तिच्या टोपलीला आपल्या रंगाची चिंधी. टेम्पो आला की चढवायच्या आणि निघायचं. त्या दिवशी टोपली चढवता चढवता सुगंधा थांबली.

"अगो बायांनो, टेम्पो दारात धडधडत ठेवून मग मासे धरायला जातो का आपण? मग शेठकडे दुसरं काय करतो?"

बायका पोट धरधरून हसल्या. त्याच दुपारी शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी मनसोक्त पत्रं लिहिली, ज्याच्या त्याच्या नावाची. मास्तरीणबाईंनी ती सगळी एका फ्लॉपीवर, खिशात मावणाऱ्या चकतीवर, भरली आणि ती फ्लॉपी शेठच्या कॉम्प्युटरात घातली. चाळीस घरांची पत्रं एका मिनिटात समुद्रापार! तिकडे वासंतीच्या घरून ती ज्याच्या त्याच्या घरी पोचली.

शेठचं डोकं फिरलं. त्याने दुकानात जमलेल्या गर्दीतून सुगंधाला बाजूला घेतलं.

"सुगंधाबाई, तुझी पत्रं जन्मभर फुकट. मात्र गावाची फ्लॉपी आणायची नाही. आणलीस तर तुलाही दार बंद."

सुगंधाने कॉम्प्युटरकडे पाहिलं. लेकीची खबर आज येईल, उद्या येईल. पण ती म्हणाली, "वासंतीच्या वेळी मी बाळंतीण होते, तेव्हा महिनाभर माझी टोपली या बायांनी विकली. आता टेम्पोत माझी एकटीची चढवू? ठेवा तुमचं फुकट तुमच्यापाशी!"

ती पायऱ्या उतरली, तसं सगळं गाव तिच्यामागून उतरलं. आठ दिवस दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. सुगंधा रोज दुरूनच दुकानाच्या दाराकडे बघायची, पण ती वळली नाही.

नवव्या दिवशी शेठ स्वतःच किनाऱ्यावर आला. "आणा ती फ्लॉपी. एका मिनिटाचे पैसे द्या, आत काय भरायचं ते भरा."

"आलात ना टेम्पोत!" बायका ओरडल्या.

त्या दिवशी पलीकडूनही गठ्ठा आला. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. सर्वांत वरचं पत्र वासंतीचं, चांगलं दोन पानी: "आई, मुलगी झाली. नाक तुझं. आवाजही तुझाच, रडली की अख्खं बंदर जागं करते."

सुगंधाने ते दोनदा वाचलं. मग ओसंडून वाहणारं दुकान बघून खूश झालेल्या शेठने स्वतःच्या हाताने गावात पेढे वाटले. पुढे शेजारची तीन बंदरंही आपापल्या फ्लॉप्या घेऊन त्याच्या दारी रांग लावू लागली.

तात्पर्य: सर्वांच्या वाटेवर एकट्यालाच मिळालेली सवलत म्हणजे लाच. ती जो तोंडावर फेकतो, तोच वाट सर्वांसाठी मोकळी करतो.