केरबाचा पहिला सौदा

एक गाव होतं. गावात भोळी माणसं बरीच होती, पण केरबाच्या पुढं ती सगळी वकील वाटायची. केरबा कामाला वाघ आणि शब्दाला पक्का. सांगितलं ते करायचा. तेवढंच करायचा. एकदा आईनं सांगितलं, "म्हशीच्या मागं मागं ऱ्हा." म्हैस तळ्यात जाऊन बसली. मागं केरबाही बसला. संध्याकाळी दोघं मिळून घरी आली.

अशा मुलाचं लग्न जमवता जमवता त्याची आई हौसाबाई मेटाकुटीला आली होती. नऊ ठिकाणी विचारलं. नऊही ठिकाणी एकच प्रश्न, "मुलगा काय करतो?" हौसाबाई म्हणायची, "सांगंल ते करतो." खरं तेच सांगायची बिचारी.

दहावं ठिकाण शेजारच्या गावातलं. ज्ञानूतात्यांची शालन. बघायला गेले तेव्हा शालननं पोह्यांची बशी पुढं केली आणि म्हणाली, "घ्या." केरबानं बशी घेतली आणि हातात धरून बसला. पोहे निवले.

तात्या म्हणाले, "खाईनासा?"

केरबा म्हणाला, "त्या 'घ्या' म्हणाल्या. 'खा' म्हणाल्या न्हाईत."

शालन आत पळाली आणि पोट धरून हसली. मग आईला म्हणाली, "मला ह्योच पाहिजे. ह्यो जन्मात खोटं बोलायचा न्हाई."

केरबालाही शालन आवडली. फार आवडली. परत येताना त्यानं आईला तीनदा तिचं नाव विचारलं आणि तीनदा ऐकून खूश झाला.

तात्या मात्र व्यवहारी माणूस. बैठक उठण्याआधीच ते म्हणाले, "पोरगं गुणी हाय. पर पोटापाण्याचं काय?" तेव्हा बरोबर आलेला रंगामामा पुढं सरकला. हा हौसाबाईच्या माहेरच्या भावकीतला. तालुक्याच्या गावी घरं-जागांचा एजंट होता. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी घेतो त्याला हाताखाली. म्हैन्यात एजंट करतो."

तात्या म्हणाले, "मग एक सौदा करून दाखवू दे. ज्या दिवशी सौदा, त्या दिवशी सुपारी फोडू. दसऱ्यापतोर थांबतो."

झालं. केरबा एजंट झाला.

पहिल्याच दिवशी एक पार्टी आली. संपत खाडे, जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. नवीन बदली होऊन आलेले, एकटा जीव. दवाखान्यात बाकड्यावर झोपत होते. मामा म्हणाला, "केरबा, ह्यांना गोदाकाकूंची माडीवरची खोली दाखव."

केरबा त्यांना काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेला. लांबूनच बोट केलं. "ती बघा." आणि मागं फिरला.

मामा ओरडला, "आरं लेका, दाखवायचं म्हंजे आत न्यायचं! दारं उघडायची, कपाटं उघडायची, नळ सोडून दाखवायचा! कायबी झाकून ठेवायचं न्हाई!"

"चुकलं, मामा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी तो संपतरावांना घेऊन पुन्हा गेला. माडीचा जिना काकूंच्या घरातून होता. केरबानं खालपासूनच सुरुवात केली. काकूंचं कपाट उघडलं. लुगडी दाखवली. पापडाचे डबे उघडले. काकूंनी काकांपासून लपवून ठेवलेले बेसनाचे लाडू दाखवले. मग न्हाणीचं दार उघडलं. आत काका साबण लावून उभे होते. केरबानं नळ सोडला. म्हणाला, "पाणी बघा, कसं जोरात हाय."

काकू केरसुणी घेऊन धावल्या. संपतराव चपला हातात घेऊन पळाले. पाठीमागून काकूंचा आवाज आला, "आणि एकट्या बाप्याला मी खोली देत न्हाई! बायको असंल तर या!"

मामानं डोकं धरलं. "लोकाच्या घरात असं घुसत्यात व्हय? दाराशी थांबायचं. कडी वाजवायची. आतनं कुणी 'या' म्हणंपर्यंत पाऊल टाकायचं न्हाई."

"चुकलं, मामा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढच्या खेपेला एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आली. त्यांना प्लॉट बघायचा होता. गावाबाहेर, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, एक लोखंडी फाटक. केरबानं फाटकाची कडी वाजवली आणि उभा राहिला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवली.

मास्तर म्हणाले, "अहो, आत कोणी नाहीये."

"म्हणून तर थांबलोय," केरबा म्हणाला. "'या' म्हणायला कुणीतरी पाहिजे की."

ऊन डोक्यावर आलं. मास्तरीणबाईंनी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी आत चरणारी एक शेळी ओरडली. केरबा म्हणाला, "चला, बोलावलं." पण तोवर मास्तर जोडीनं निघून गेले होते.

मामा म्हणाला, "मोकळ्या जागेवर माणसं आली की मुक्यानं उभा ऱ्हातोस? कौतुक करायचं जागेचं! हवा बघा कशी मोकळी हाय म्हणायचं. शेजाऱ्याची कटकट न्हाई म्हणायचं. एकदा आलेला माणूस परत जायाचं नाव काढत न्हाई म्हणायचं!"

"चुकलं, मामा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दोन दिवसांनी मामाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे वडील वारले. मामाचा गुडघा धरला होता. त्यानं केरबाला मयताला धाडलं. ओढ्याकाठची मोकळी जागा, माणसं गप्प उभी. कोणीच काही बोलत नाही हे बघून केरबाला वाईट वाटलं. तो वारलेल्या म्हाताऱ्याच्या मुलाजवळ गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "हवा बघा कशी मोकळी हाय. शेजाऱ्याची कटकट न्हाई. आणि एकदा आलेला माणूस परत जायाचं नाव काढत न्हाई."

चौघांनी त्याला उचलून ओढ्यापलीकडं नेऊन ठेवला.

मामा म्हणाला, "आरं, तिथं तोंड बारीक करून उभं ऱ्हायाचं! रुमाल डोळ्याला लावायचा. झालं ते वाईट झालं, धीर धरा, कुणाच्या हातात असतं का हे, एवढंच बोलायचं!"

"चुकलं, मामा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

मी सांगतो, इथं मामानं केरबाला घरी धाडायला हवं होतं. पण हौसाबाई रोज फोन करायची, "झाला का सौदा?" आणि मामाच्या तोंडून "न्हाई" निघायचं नाही. तो म्हणायचा, "होतोय, होतोय."

त्याच आठवड्यात वास्तुशांत होती. मामानं महिनाभर खपून विकलेला बंगला. मामाचा गुडघा अजून धरलेलाच. म्हणाला, "केरबा, माझ्या वतीनं तू जा."

केरबा गेला. दाराला तोरण, आत होम, बाहेर जिलेबीचा घाणा. केरबा तोंड बारीक करून मधोमध उभा राहिला. रुमाल काढून डोळ्याला लावला. घरमालक घाबरले. "काय झालं हो?"

"झालं ते वाईट झालं," केरबा म्हणाला.

"अहो, पण काय?"

"आता धीर धरा."

"बंगल्यात काही आहे का?"

"कुणाच्या हातात असतं का हे?" असं म्हणून केरबानं हुंदका दिला.

एजंटाचाच माणूस रडतोय म्हटल्यावर मालकिणीच्या हातातली पळी गळाली. पाहुणे हातातल्या जिलेब्यांसकट रस्त्यावर आले. कोणी भिंतींवर टकटक करून बघायला लागलं. भटजींनी होम अर्धा सोडून आधी चपला शोधल्या. मालक तसेच सोवळ्यात मामाच्या ऑफिसात गेले, आणि काय काय बोलले ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

मामानं दोन दिवस केरबाशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता तू कुणाशी बोलू नको. बाजारपेठेतली एक खोली रिकामी झालीय. ही किल्ली. आपलीच समज आणि झाडून ठेव. दुपारी पार्टी घेऊन येतो."

खोली चांगली होती. पूर्वेला खिडकी, खिडकीत चाफा. केरबानं झाडली, पुसली आणि आपली समजला. दुपारी मामा पार्टी घेऊन आला, तर चुलीवर चहा उकळत होता, दोरीवर केरबाची बंडी वाळत होती, आणि केरबा वळकटी पसरून त्यावर बसला होता. म्हणाला, "या मामा. मला लई आवडली खोली."

पार्टी गेली. मामा खाली बसला. त्याचा आवाजही चढेना आता. हात जोडून तो म्हणाला, "केरबा, बाबा, शेवटचं सांगतो. एजंटानं आवडलेली चीज आपण घ्यायची नसती. जेवढी जास्त आवडंल, तेवढी चांगली पार्टी हुडकायची. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवायची. जुळवून द्यायचं, आणि हसत भाईर पडायचं. त्याला सौदा म्हणत्यात. त्याला एजंट म्हणत्यात. दसरा चार दिवसांवर आलाय, काय समजलं?"

"समजलं, मामा," केरबा म्हणाला. आणि ह्या खेपेला त्याला खरंच समजलं होतं.

तो ऑफिसच्या पायरीवर विचार करत बसला. आपल्याला आवडतं काय? जिलेबी. पण ती संपली. म्हैस. पण ती आईची. मग सगळ्यात जास्त काय आवडतं? शालन. नाव मनात आलं. डोळ्यांत पाणी आलं. पण केरबा शब्दाला पक्का. सगळ्यात जास्त आवडते, म्हणजे पार्टीही सगळ्यात चांगली हुडकली पाहिजे.

तो उठून जनावरांच्या दवाखान्यात गेला. संपतराव बाकड्यावर बसून एका वासराला पट्टी बांधत होते. एका हातानं बांधत होते आणि दुसऱ्या हातानं त्याचा कान खाजवत होते. केरबाला पार्टी पसंत पडली.

"चला, संपतराव. तुमची अडचण सोडवतो."

"खोली मिळाली?"

"आधी चला तर."

दोघं एसटीनं तात्यांच्या गावी उतरले. केरबानं तात्यांना आणि संपतरावांना समोरासमोर बसवलं. "तात्या, हे संपतराव खाडे. सरकारी नोकरी. निर्व्यसनी. जनावराला मारत न्हाईत. बायको न्हाई म्हणून ह्यांना खोली मिळंना. तुमच्याकडं शालन हाय. बोला."

तात्या बघतच राहिले. मग "सरकारी नोकरी" हे शब्द त्यांच्या डोक्यात पोचले. त्यांनी गाव विचारलं, पाहुणे-रावळे विचारले. संपतराव तात्यांच्या मेव्हण्याच्या भावकीतलेच निघाले. तात्यांनी लगेच चहा टाकायला सांगितलं.

शालन चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिनं फक्त केरबाकडं बघितलं. "मी तुम्हाला आवडले न्हाई व्हय?"

"लई आवडलासा," केरबा म्हणाला. "आईच्यान. दुसरं कायबी एवढं आवडलं न्हाई."

"मग?"

"म्हणून तर पार्टी आणली."

शालन मागच्या वेळी हसली होती. ह्या वेळी हसली नाही. "एकदा नीट विचार करून सांगा," ती म्हणाली. "मी थांबते."

केरबानं विचार केला. डोळे मिटून केला. बराच वेळ केला. शालन खरंच थांबली होती. मग डोळे उघडून तो म्हणाला, "आवडलेली चीज एजंटानं आपण घ्यायची नसती. मामांनी सांगितलंय."

शालननं एक मोठा श्वास सोडला. संपतरावांकडं वळून बघितलं. ते बावरून उभे राहिले होते आणि तिच्या हातातला जड ट्रे घ्यायला पुढं आले होते. "ह्यांना तरी सांगितल्याबिगर कळतं," ती म्हणाली आणि ट्रे त्यांच्या हातात दिला.

त्याच संध्याकाळी पाच माणसांत सुपारी फुटली. मध्यस्थ म्हणून तात्यांनी केरबाला टॉवेल-टोपीचा मान दिला. संपतरावांनीही घाईनं दुकानातून आणून टॉवेल-टोपी दिली. केरबा सांगितल्याप्रमाणं हसत बाहेर पडला. हसता हसता त्यानं नव्या टॉवेलानं डोळे पुसले, पण हसला. दुसऱ्या दिवशी संपतरावांना घेऊन गोदाकाकूंच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "ह्यांची सुपारी फुटली. आता द्या खोली." काकूंनी दिली. मग तिथूनच त्यानं आईला फोन लावला. "आई, सौदा झाला! शालनची सुपारीबी फुटली!"

हौसाबाईला जरा नवल वाटलं, आपल्याशिवाय सुपारी कशी फुटली. पण आनंदात माणूस खोलात जात नाही. तिनं दारात रांगोळी काढली. गल्लीत साखर वाटली. मामा दुखऱ्या गुडघ्यानं पेढे घेऊन आला आणि येईल त्याला सांगू लागला, "मी घडवला त्याला."

दिवेलागणीला केरबा आला. दोन्ही खांद्यांवर दोन टॉवेल. डोक्यावर एकावर एक दोन टोप्या. हौसाबाईनं ओवाळायला ताट उचललं.

"दोन टोप्या कशाला रं?"

"एक पोरीकडची," केरबा म्हणाला. "एक पोराकडची."

"आरं, पोराकडचं तर आपणच की!"

"आपण कुठलं? आपण एजंट."

मामाच्या हातातला पेढा खाली पडला. हौसाबाईनं ताट ठेवलं, रांगोळीवरच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. केरबाला काही कळेना. गल्लीतली माणसं गप्प उभी होती. मामाही गप्प उभा होता. मग केरबाला आठवलं. त्यानं तोंड बारीक केलं. रुमाल काढला, डोळ्याला लावला आणि आईजवळ जाऊन म्हणाला,

"झालं ते वाईट झालं, आई. धीर धर. कुणाच्या हातात असतं का हे?"