खोट्या नावाचं रोप

परीची गोष्ट सांगा म्हणून पोरं सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून बसलीत. मला पऱ्याबिऱ्या जमत नाहीत, गुडघे ठणकतात. वर गावातला एक जण चारचौघांत म्हणतो, म्हातारा पोरांना रानात नेऊन भलता पाला चारतो. त्याचं नाव शेवटी घेईन. आता गुमान ऐका.

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत एक चिमुकली वस्ती होती. तिथं हौशी नावाची पोर राहायची. परकर फाटका, डोळे करवंदासारखे काळेभोर. आईबाप दोन्ही गेलेले. सोनामावशीनं तिला सांभाळलं. मावशीकडं होतं काय? एक चूल, एक तवा आणि अर्धी भाकरी. तीही मावशी पोरीच्याच ताटात टाकायची.

त्या वस्तीची एक रीत होती. रानातली भाजी चुलीवर घालण्याआधी सुपात पसरायची आणि जाणत्या बाईला दाखवायची. जाणती बाई म्हणजे हौशीची आई. ती गेल्यावर बायकांनी सूप हौशीपुढं ठेवायला सुरुवात केली. म्हणाल्या, "लेकीला आईचं येणारच."

येणारच कसलं? एवढीशी पोर ती. आईचं नाक तिला आलं होतं, आईची पाल्याची पारख कुठून येणार? पण "ठाऊक नाही" म्हणायची तिला लाज वाटायची. आईचं नाव जाईल असं वाटायचं. दोनचार भाज्या ओळखता येत होत्या, त्यांवर निभावलं.

एक दिवस मावशीनं बांधावरून कोवळा, लालसर देठांचा पाला आणला.

"हौशे, ही कुठली गं? मी कधी पाहिली नाही."

हौशीनंही पाहिली नव्हती. पण शेजारच्या बाया बघत होत्या. ती म्हणाली, "कुर्डू."

मावशीनं भाजी शिजवली. भाकरी पोरीला दिली आणि आपण नुसती भाजी खाऊन निजली. सकाळी तिची जीभ लाकडासारखी ताठ. बोलता येईना, पाणी गिळता येईना.

लक्षाबुवा वैदू आले. म्हणाले, "काय खाल्लं ते सांगा. प्रत्येक विषावर उताऱ्याची मुळी वेगळी. चुकीची दिली तर बाई जाईल."

सगळ्या बाया हौशीकडं बघायला लागल्या. आणि ती काय म्हणाली? पुन्हा "कुर्डू" म्हणाली. लाज अशी असते बघा, एकदा गळ्यात अडकली की खरं बाहेर येऊ देत नाही.

"कुर्डूनं असं होत नाही, पोरी," बुवा म्हणाले.

हौशी तोंड लपवून पळाली ती थेट बांधावर. तिथं तोच पाला उभा होता. ती त्याच्यापाशी बसून रडली. एक आसू पानावर पडला, टिचकन फुटला, आणि त्यातून निघाली शेंगेएवढी परी. पंख चतुराचे, नेसूचं पातळ जांभळंपिवळं, केसांत दवाचे इवलेइवले मणी. हलली की सोनेरी चुरा सांडायचा.

"काय हवं, चिमणे?"

"परीताई, माझ्या मावशीला बरं कर."

"करीन गं. पण हे रोप रुसलंय. तू त्याला दुसऱ्याचं नाव दिलंस. ज्यांच्यापुढं खोटं बोललीस त्यांच्यापुढंच खरं बोल, तर ते आपलं तोंड दाखवील."

"मला लाज वाटते."

"वाटू दे. लाज वाटत असतानाही बोलता येतं."

हौशीनं रोप मुळासकट उपटलं, सुपात ठेवलं आणि सगळ्यांच्या मधोमध नेलं. कान लालबुंद झाले होते. पायाच्या अंगठ्यानं ती माती उकरत होती.

"हे कुर्डू नाही," ती म्हणाली. "हे काय आहे ते मला ठाऊक नाही. कालही नव्हतं. मी खोटं बोलले. चुकलं माझं."

"आईचं नाव घालवलंस गं," एक बाई म्हणाली.

हौशीनं मान खाली घातली, पण सूप हातातलं सोडलं नाही. आणि सुपात, वाळायला लागलेल्या त्या रोपाला एक नाजूक निळं फूल उमललं. आत पिवळाधमक ठिपका, त्यावर सोनेरी चुरा.

लक्षाबुवा पुढं वाकले. "ही तर जीभबांधी. फुलाशिवाय ही कुणालाच ओळखता येत नाही. आणा रे उगाळायची सहाण."

बुवांनी तिच्या उताऱ्याची मुळी उगाळून मावशीला चाटवली. सूर्य माथ्यावर यायच्या आत मावशीची जीभ सैल झाली. पहिलं काय बोलली? "पोरीनं काही खाल्लं का?"

तेव्हा कुठं हौशी मोठ्यानं रडली.

मघाची बाई पदराशी चाळा करत म्हणाली, "ठाऊक तर मलाही नव्हतं. सूप मीच आधी तुझ्यापुढं सरकवलं होतं. माझंही चुकलं." त्या दिवसापासून सगळ्या बाया मिळून सूप बघायच्या. आणि हौशी ज्या रोपापुढं "तुला मी ओळखत नाही" म्हणायची, ते तिच्यासाठी अवेळी फुलायचं. अशी एकेक ओळख पटत ती आईसारखी जाणती झाली. परी मात्र त्या निळ्या फुलावर एकदाच बसली, हौशीकडं बघून हसली, आणि दुपारच्या लखलखत्या उजेडात विरघळून गेली.

झाली गोष्ट. एवढ्याशा पोरीला भर वस्तीत "चुकलं माझं" म्हणता आलं. आमच्या गावात एका दांडग्या बाप्याला अजून येत नाही. मी पोरांना चारला तो पाला साधा टाकळा होता, हे त्यानं पान उलटूनसुद्धा पाहिलं नाही. त्याचं नाव गणू खराडे.