दाजीसाहेबांचं मत

गावतळ्याचं पाणी बाहेरच्या कंपनीला देऊ नये, असा ठराव ग्रामसभेपुढे येणार होता. ‘नये’ला हो म्हणायचं म्हणजे नेमकं काय, हे कुणाला कळेना. म्हणून लोक विचारायला गेले ते कपडे शिवणाऱ्या शेवंताबाईंकडे.

माजी सरपंच दाजीसाहेबांच्या पोटात दुखलं. वीस वर्षं गाव मत विचारायला त्यांच्या ओसरीवर येत होतं. आता तिथं कुत्रंही फिरकेना.

भर सभेत ते गरजले, “शेवंता ज्याला हो म्हणेल, त्याला माझं नाही! गावानं ठरवावं, ती शहाणी की मी!”

शेवंताबाई शांतपणे उठल्या. “ग्रामसेवक, आधी माझी सूचना लिहा. दाजीसाहेब हे गावातले सगळ्यांत शहाणे गृहस्थ आहेत. माझं मत, हो. दाजीसाहेब, तुमचं?”

नाही म्हणावं तर शहाणपण जातं, हो म्हणावं तर शेवंताशी एकमत होतं.

“काय लिहू?” ग्रामसेवकानं विचारलं.

सभा हसून लोळायला लागली. दाजीसाहेब घाम पुसत पुटपुटले, “आधी तळ्याचं घ्या.”

तळ्याच्या ठरावाला सगळे हात वर गेले. दाजीसाहेबांचा सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला.